छंदाची कमाई कुठे संपते आणि धंदा कुठे सुरू होतो, हे एकदा लिहून द्या : ठाण्याहून महसूल विभागाला खुलं पत्र

मा. महसूल सचिव, अर्थ मंत्रालय, भारत सरकार
आणि
मा. अध्यक्ष, केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळ, नवी दिल्ली

सविनय नमस्कार.

मी ठाण्यात, नौपाड्यात करसल्लागार म्हणून काम करते. माझ्याकडे येणारे बहुतेक लोक पगारदार, निवृत्त किंवा घरून काहीतरी करून विकणाऱ्या बायका. जून-जुलैत त्यांची कागदपत्रं टेबलावर पसरली की एक प्रश्न हटकून येतो: "मॅडम, हे दाखवायचं कुठे?" हे म्हणजे पगाराबाहेरचे, आवडीच्या कामातून आलेले पैसे. कुणी वारली चित्रं काढून विकलेली असतात, कुणी शनिवार-रविवार हार्मोनियम शिकवतं, कुणी क्रोशाची तोरणं करतं, कुणी गणपतीच्या आधी शाडूच्या मूर्ती घडवतं. यातल्या फार थोड्यांना कर चुकवायचा असतो. उलट पैसे बँकेत आलेत, एआयएसमध्ये, म्हणजे प्राप्तिकर खात्याकडच्या आपल्या वार्षिक माहितीपत्रकात, दिसतायत, म्हणजे दाखवायलाच हवेत हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. अडतं ते पुढे. कोणत्या सदरात, कोणत्या फॉर्मवर, कोणता खर्च वजा करून दाखवायचं, याचं एक उत्तर मी त्यांना देऊ शकत नाही. मला माहीत नाही म्हणून नव्हे. कायद्यात ते एक उत्तर नाहीच.

1 एप्रिल 2026 पासून प्राप्तिकर कायदा 2025 लागू झाला. 819 कलमांची 536 झाली, शब्दसंख्या जवळजवळ निम्म्यावर आली, मागील वर्ष आणि कर निर्धारण वर्ष हा घोळ जाऊन एकच 'कर वर्ष' आलं. हे काम चांगलं झालं आहे आणि ते मी मनापासून म्हणते. पण छंदातून होणारी कमाई आणि छोटा व्यवसाय यांच्यातली सीमा 1961 च्या कायद्यात जितकी धूसर होती तितकीच ती आजही आहे.

एक उदाहरण सविस्तर मांडते, कारण आकडे पाहिल्याशिवाय यातली अडचण कळत नाही. ऐरोलीला राहणारा एक तरुण खासगी कंपनीत नोकरी करतो. पक्ष्यांचे फोटो काढणं हा त्याचा जुना नाद. ठाणे खाडीत फ्लेमिंगो उतरले की भरती-ओहोटीचं वेळापत्रक मोबाइलवर ठेवून तो पहाटे निघतो आणि ऑफिसच्या बसपर्यंत परत येतो. 2025-26 मध्ये एका कंपनीनं कॅलेंडरसाठी त्याचे फोटो घेतले आणि 60,000 रुपये दिले. शिवाय ओळखीतून फ्रेम केलेले फोटो विकले गेले, त्याचे 30,000. सगळे पैसे बँकेतून किंवा यूपीआयनं आले. प्रिंट आणि फ्रेमचा खर्च 14,000. जूनमध्ये त्यानं 1,40,000 ची लेन्स घेतली होती. घरकर्जामुळे तो जुन्या करप्रणालीत आहे आणि 30 टक्क्यांच्या टप्प्यात येतो.

आता हे 90,000 रुपये 'इतर स्रोतांतून उत्पन्न' धरले, तर निव्वळ ते पैसे मिळवण्यासाठी झालेला खर्च, म्हणजे 14,000 वजा होतो. लेन्स भांडवली खर्चात जाते, तिचं काहीच वजा होत नाही. 76,000 वर सेससह कर 23,712 रुपये. हाच व्यवसाय धरून वह्या ठेवल्या, तर लेन्सवर 15 टक्के घसारा, म्हणजे वापरानं घटणाऱ्या किमतीची वजावट, मिळते, उत्पन्न 55,000 आणि कर 17,160. व्यवसायच, पण कलम 44 एडीच्या अंदाजित पद्धतीनं, तर बँकेतून आलेल्या रकमेच्या किमान 6 टक्के नफा दाखवायचा: उत्पन्न 5,400, कर सुमारे 1,685. आणि कुणी म्हणालं की फोटोग्राफी ही तज्ज्ञ सेवा आहे, ठरावीक व्यावसायिकांसाठीचं कलम 44 एडीए लावा, तर निम्मी रक्कम नफा, म्हणजे 45,000 आणि कर 14,040. आता फोटोग्राफर 44 एडीएच्या व्यवसायांच्या यादीत बसतो का, हे विचाराल तर चित्रपटातला कॅमेरामन त्यात स्पष्टपणे आहे. खाडीकाठी पहाटे उभा राहणारा हौशी छायाचित्रकार कुठे बसतो यावर दोन सीए दोन मतं देतील, आणि दोघांकडेही मुद्दे असतील.

माणूस तोच, फोटो तेच, पैसे तेच. कर 1,685 पासून 23,712 पर्यंत कुठेही.

नव्या कायद्यात या अंदाजित पद्धती कलम 58 मध्ये एकत्र आणल्या आहेत. कलम एक झालं म्हणून यातला प्रश्न सुटत नाही, कारण मुळात त्या दारातून आत जायचं की नाही हेच ठरलेलं नाही.

व्यवहारात ते ठरवतं कोण, तेही सांगते. कॅलेंडरवाल्या कंपनीनं 60,000 देताना कलम 194 जे खाली 10 टक्के टीडीएस कापला, 6,000 रुपये. तिथल्या अकाउंट्समधल्या कुणीतरी एक कलम निवडलं आणि या मुलाच्या एआयएसमध्ये 'व्यावसायिक सेवा' अशी नोंद पडली. आता पगारदाराचा साधा 'सहज' फॉर्म भरून हे इतर स्रोतांत दाखवावं, तर विवरणपत्र सदोष असल्याची नोटीस येण्याची धास्ती. नोटिशीला उत्तर देता येतं, मी देतेही. पण 90,000 रुपयांच्या हौसेपायी नोटिशीचं उत्तर लिहायची वेळ आली की माणूस पुढच्या वर्षी कॅलेंडरला फोटो देत नाही. किंवा रोखीनं देतो. दुसरी गोष्ट तुमच्या विभागाला तरी नको असणार.

बरं, कर कमी बसतो म्हणून 44 एडी घ्या असं मी डोळे मिटून सांगू शकत नाही. त्याला दोन शेपट्या आहेत. पगारदार माणूस जुनी की नवी करप्रणाली हे दरवर्षी निवडू शकतो. पण एकदा व्यवसायाचं उत्पन्न दाखवलं की ती मुभा जाते. जुन्या प्रणालीत राहायला मुदतीत 10-आयईए फॉर्म भरावा लागतो, आणि नंतर एकदा नवीकडे गेलं की व्यवसायाचं उत्पन्न असेपर्यंत जुनीकडे परतता येत नाही. घोडबंदर रोडला फ्लॅट घेऊन वीस वर्षांचा हप्ता चालू असलेल्या माणसाला हा निर्णय 30,000 च्या फोटोफ्रेम विकल्या म्हणून कायमचा घ्यावा लागतो. दुसरी शेपटी पाच वर्षांची आहे. एकदा 44 एडी घेतलं आणि पुढच्या पाच वर्षांत एखाद्या वर्षी ठरलेल्या टक्क्यांहून कमी नफा दाखवला, की त्यानंतर पाच वर्षं ती सोय बंद. एकूण उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर असेल, आणि पगारदाराचं ते असतंच, तर वह्या आणि ऑडिटही मागे लागतं. शाळेत शिकवणाऱ्या आणि सुटीत क्रोशाच्या वस्तू करणाऱ्या बाईंचं एका वर्षी प्रदर्शनाच्या स्टॉलचं भाडंही सुटलं नाही, तर खरा तोटा दाखवायला त्यांनी ऑडिट करून घ्यायचं का? त्या अर्थातच करत नाहीत. न झालेला नफा दाखवून मोकळ्या होतात.

व्यवसाय कशाला म्हणायचं यावर न्यायालयांनी खूप विचार केला आहे. जी. वेंकटस्वामी नायडू खटल्यात 1959 साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की यासाठी कुठलंही एकच सूत्र नाही. हेतू, व्यवहाराचं स्वरूप, वारंवारता, सगळी परिस्थिती एकत्र पाहायची. तो खटला गिरणीशेजारची जमीन घेऊन ती गिरणीलाच विकण्याचा होता. मोठ्या रकमेच्या वादात, दोन्हीकडे वकील असताना, हे बरोबरच आहे. पण वर्षाला 90,000 मिळवणाऱ्यानं स्वतःचा हेतू आणि वारंवारता तपासून स्वतःच निवाडा करायचा, आणि तो चुकला तर दंडाला तोंड द्यायचं, हे त्या निकालाला अभिप्रेत नसावं.

आणि असा तिढा तुम्ही एकदा सोडवलेला आहे. शेअर विकून झालेला नफा भांडवली की व्यावसायिक, यावर वर्षानुवर्षं भांडणं चालली होती. 29 फेब्रुवारी 2016 रोजी केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळानं परिपत्रक क्र. 6/2016 काढलं. बारा महिन्यांहून जास्त ठेवलेले सूचीबद्ध शेअर विकून झालेला नफा करदात्यानं भांडवली नफा म्हणून दाखवला, तर अधिकाऱ्यानं वाद घालायचा नाही. अट एवढीच की एकदा घेतलेली भूमिका पुढच्या वर्षांतही तीच ठेवायची. दोन-तीन पानांचा तो कागद, पण त्यानं किती वाद मुळातच उगवू दिले नाहीत, ते माझ्या धंद्यातल्या कुणालाही विचारा. शेअर बाजारातल्या माणसाला जी शांतता दिलीत, ती शाडूच्या मूर्ती करणाऱ्याला, हार्मोनियम शिकवणाऱ्याला का नको? माझी मुख्य मागणी हीच आहे.

अमेरिकेत यासाठी नियम आहेत. तिथे नफ्याचा हेतू आहे का हे पाहायला नऊ कसोट्या आहेत, आणि पाचपैकी तीन वर्षं नफा झाला असेल तर तो व्यवसाय असं गृहीत धरतात. ते नियम कडक असायला कारण आहे. तिथे व्यवसायातला तोटा पगारातून वजा होऊ शकतो, म्हणून श्रीमंत लोक घोडे पाळायची हौस व्यवसाय म्हणून दाखवतील ही भीती खरी असते. आपल्याकडे ती वाट आधीच बंद आहे. व्यवसायातला तोटा पगारातून वजा करता येत नाही. तो फार तर आठ वर्षं पुढे नेऊन व्यवसायाच्याच नफ्यातून वजा करायचा. मग आपल्या सरकारला सैल हातानं रेघ आखायला धोका कसला? हां, 'इतर स्रोतां'तला तोटा त्याच वर्षी पगारातून वजा करायला तत्त्वतः जागा आहे. तिथे 'छंदाचा खर्च, छंदाच्या जमेइतकाच' असं एक वाक्य घाला, तीही फट बुजेल.

ब्रिटननं आणखी सोपं केलं. एप्रिल 2017 पासून तिथे वर्षाला 1,000 पौंडांपर्यंतच्या अशा किरकोळ जमेवर कर नाही आणि साधारणपणे ती कळवायचीही गरज नाही. त्याहून जास्त झाली तर खरा खर्च वजा करा किंवा सरळ 1,000 पौंड वजा करा, निवड तुमची. ही तरतूद वाचली तेव्हा मला आमच्या काकू आठवल्या.

काकू म्हणजे आमच्याच भागात दिवाळीचा फराळ करून देणाऱ्या गृहिणी. नवरात्र संपलं की त्यांच्या घरात भाजणीचा वास सुरू होतो. त्यांची वही मी पाहिली आहे. डावीकडे नाव, इमारत, "चकली 2 किलो, अनारसे 1, बेसन लाडू 50 नग", पुढे "आगाऊ 500". उजवीकडे जांभळी नाक्यावरून आणलेला माल, तेलाचा डबा, खोबरं, तूप, खसखस. तेलाच्या डब्यापुढे कंसात "घरचं धरून" असं लिहिलेलं. तो डबा घरातही वापरला जातो आणि ऑर्डरलाही, आणि त्या बाई इतक्या प्रामाणिक की वहीतही ते लपवत नाहीत. निम्म्या मालाला पावती नाही. यंत्र म्हणाल तर एक सोऱ्या आणि दोन मोठ्या कढया.

काकूंची सगळी उलाढाल अडीच लाखांच्या आसपास. दुसरं उत्पन्न नाही. नव्या करप्रणालीत 4 लाखांपर्यंत करच नाही, म्हणजे त्यांना एक रुपयाही भरायचा नाही. तरी गेल्या दिवाळीत त्या घाबरल्या होत्या. जुलै 2025 मध्ये कर्नाटकाच्या वाणिज्य कर विभागानं यूपीआयच्या जमेवरून छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा पाठवल्या, बंगळूरमध्ये दुकानांवर 'यूपीआय नाही, रोखच' असे कागद लागले, आणि ती बातमी व्हॉट्सअ‍ॅपवरून ठाण्याच्या प्रत्येक सोसायटीत पोचली. त्या नोटिसा वीस-चाळीस लाखांहून जास्त उलाढालीच्या होत्या, तुमचा त्याच्याशी संबंध नाही, असं मी समजावलं. पण काकूंचा क्यूआर कोड यजमानांच्या खात्याला जोडलेला होता. म्हणजे कमाई बाईंची आणि जमा निवृत्त नवऱ्याच्या नावावर, त्याच्या पेन्शनशेजारी. उद्या विचारणा झाली तर उत्तर द्यायचं त्यानं. असं घर ठाण्यात एकच असेल असं समजू नका. मी प्रत्येकीला आधी स्वतःच्या नावाचं खातं आणि स्वतःचा क्यूआर करायला लावते. हे विभागानं सांगायला हवं.

जीएसटीबद्दल थोडक्यात, कारण हा विषय परिषदेचा आहे. पण महसूल सचिव म्हणून दोन्ही कर आपल्या खात्यात येतात. प्राप्तिकरात सातत्य आणि नफ्याचा हेतू पाहतात. जीएसटी कायद्याच्या कलम 2(17) मध्ये व्यवहार मोठा की लहान, नियमित की एकदाच, फायद्यासाठी की बिनफायद्याचा, यानं काही फरक पडत नाही, तो व्यवसायच. महाराष्ट्रात मालासाठी 40 लाख आणि सेवांसाठी 20 लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही, म्हणून निभावतं. मात्र काकूंनी इंदूरला राहायला गेलेल्या जुन्या शेजाऱ्यांना दोन किलो चकली विकत पाठवली, की तो आंतरराज्य पुरवठा होतो आणि कायद्यानं पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते. हस्तकलेच्या ठरावीक वस्तूंना यातून सूट आहे. घरगुती खाद्यपदार्थांना ती द्यायला काय हरकत आहे? मुलुंडला पाठवलेली चकली आणि इंदूरला पाठवलेली चकली एकाच कढईतून निघते.

आता नेमकं काय करावं, हे माझ्या समजुतीप्रमाणे लिहिते.

2016 च्या धर्तीवर एक परिपत्रक काढा. नोकरी किंवा पेन्शन हे मुख्य उत्पन्न असणाऱ्याची, किंवा गृहिणीची, आवडीच्या कामातली जमा एका मर्यादेत असेल, तर ती 'इतर स्रोत' की 'व्यवसाय' ही निवड करदात्याची. ती त्यानं पुढेही तीच ठेवली तर अधिकाऱ्यानं किंवा संगणकानं त्यावर हरकत घ्यायची नाही, टीडीएस कोणत्या कलमाखाली कापला गेला याकडे न बघता. मर्यादा तुम्ही ठरवा. मला वर्षाला 2 लाख योग्य वाटते. त्यातली पहिली काही रक्कम, निदान 50,000, ब्रिटनसारखी सरसकट वजावट म्हणून द्या, म्हणजे तेलाच्या डब्यातलं घरचं किती आणि ऑर्डरचं किती हा हिशेब कुणालाच करावा लागणार नाही. 'सहज' फॉर्ममध्ये यासाठी एक वेगळी ओळ द्या. एवढ्या छोट्या जमेमुळे करप्रणाली दरवर्षी निवडायची मुभा जाऊ नये. यासाठी कायद्यात दुरुस्ती लागेल, ती पुढच्या वित्त विधेयकात करा.

याचा गैरफायदा घेतला जाईल ही शंका मलाही येते. मोठा व्यवसाय घरातल्या चार जणांच्या नावावर वाटून प्रत्येकाचा छंद दाखवणारे निघतील. त्यासाठी मर्यादा कुटुंबागणिक ठेवता येईल, किंवा एकाच प्रकारचा माल विकणाऱ्या पती-पत्नींची जमा एकत्र धरता येईल. आणि ज्यांनी पगारी माणसं ठेवलीत, गाळा भाड्यानं घेतलाय किंवा उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) करून व्यवसायासाठी कर्ज उचललंय, त्यांनी छंद म्हणू नये हे उघडच आहे. त्यांना मीच तसं सांगते आणि त्यांच्यासाठी 44 एडी उत्तम आहे. माझं म्हणणं त्यांच्याबद्दल नाही.

शेवटची विनंती भाषेची. हे परिपत्रक निघेल तेव्हा त्याची एक पानाची माहिती मराठीत छापा, कलमांचे आकडे कमी आणि उदाहरणं जास्त घालून. फराळाचं एक, शिकवणीचं एक, फोटोचं एक. ती पानं बचत गटांच्या बैठकीत, सोसायट्यांच्या सूचना फलकावर आणि दिवाळीआधी भरणाऱ्या ग्राहक पेठांमध्ये वाटायचं काम मी आणि माझ्यासारखे इथले अनेक करसल्लागार विनामूल्य करू. मसुदा आधी सूचनांसाठी जाहीर केलात तर त्यावर आकडेमोडीसह सूचनाही पाठवू. 2025-26 ची विवरणपत्रं जुन्या कायद्याखाली भरली जात आहेत. नव्या कायद्याखालचं पहिलं विवरणपत्र 2027 मध्ये भरायचं आहे. त्याचे फॉर्म पक्के होण्याआधी हे झालं, तर ऐरोलीच्या त्या मुलाला मी एकच आकडा सांगू शकेन.

आपली विश्वासू,
एक करसल्लागार
नौपाडा, ठाणे